मोटारीचा ब्रेक आणि त्याची झीज

मोटारगाडीचा इतिहास सांगणारे ग्रंथकार बहुधा वेगाचा इतिहास सांगतात. कोणत्या सालीं कोणत्या गाडीनें ताशीं किती मैलांची मजल मारली, कोणाचें एंजिन किती घोड्यांच्या शक्तीचें होतें, याचे हिशेब त्यांत मोठ्या हौसेनें दिलेले असतात. पण धांवणारी गाडी थांबली कशी, आणि ती थांबविण्याचा खर्च कोणीं सोसला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. तो विचारला जातो तो गॅरेजच्या दारांत. गाडी घेऊन पुरीं दोन-तीन वर्षें झालेलीं नसतात. रंगाची चकाकी अजून तशीच असते, एंजिनाचा आवाजहि बदललेला नसतो. नेहमींच्या सर्व्हिसिंगसाठीं गाडी नेली असतां कारागीर सांगतो कीं, ब्रेकचे पॅड झिजले आहेत, ते बदलावे लागतील, आणि डिस्कहि एकदां तपासावी लागेल. मालक चकित होतो. गाडी नवी, मग ब्रेक जुना कसा? कारखान्यानें दिलेली हमी दाखवावी, तर तींत झिजणारे भाग बहुधा वगळलेले असतात. मग आपल्याला कोणी तरी फसविलें अशी त्याची समजूत होऊन बसते.

ही समजूत क्वचित् खरीहि असते. परंतु पुष्कळदां ती खोटी असते. ब्रेकची झीज हा ब्रेकचा दोष नव्हे, तें त्याचें काम आहे. गाडीच्या बाकीच्या भागांची योजना ते होईल तितके झिजूं नयेत अशा बेतानें केलेली असते. ब्रेकचा पॅड मात्र झिजण्यासाठींच घडविलेला असतो. मोटार जन्मास आल्यापासून आजपर्यंत ही झीज सर्वस्वीं नाहींशी करणें कोणालाहि साधलेलें नाहीं. शोधकांनीं केलें तें एवढेंच कीं, ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागीं नेली, आणि तिचें बिल एकाच्या हातांतून काढून दुसऱ्याच्या हातांत दिलें. तें बिल कोणाकोणाच्या हातीं पडलें, हें पाहूं गेल्यास ब्रेकचा खरा इतिहास समजतो.

प्रथम ब्रेक करतो काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. धांवत्या गाडीच्या अंगीं जी ऊर्जा असते ती गाडी थांबली म्हणून नष्ट होत नाहीं. तिचें उष्णतेंत रूपांतर होतें. १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जात असली, तर तिच्या ठिकाणीं २,४०,००० जूल इतकी ऊर्जा सांठलेली असते. ती गाडी एकदां पुरती थांबविली म्हणजे जी उष्णता बाहेर पडते, तिच्यावर पाऊण लिटराच्या आंतबाहेर थंड पाणी उकळीस येईल. वेग दुप्पट केला तर ही उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते. आणि ही सारी उष्णता थोड्याच सेकंदांत चाकांजवळच्या तळहाताएवढ्या तुकड्यांच्या घर्षणानें निर्माण व्हावयाची असते. दोन वस्तु एकमेकींवर इतक्या जोरानें घासल्या म्हणजे त्यांपैकीं एक तरी झिजलीच पाहिजे. चाकाबरोबर फिरणारा बीडाचा भाग महाग आणि बदलण्यास अवघड. म्हणून त्याला घासणारा तुकडा मुद्दाम मऊ ठेवावयाचा. स्वस्त भागानें झिजावें आणि महाग भाग वांचवावा, असा हा साधा व्यवहार आहे.

मोटारीच्या जन्मापूर्वीं घोडागाड्यांना जो ब्रेक असे, त्यांतहि हाच व्यवहार होता. दांडा ओढला कीं लांकडाचा ठोकळा चाकाच्या लोखंडी धांवेवर दाबला जाई. ठोकळा झिजला, त्याला जळकट वास येऊं लागला, म्हणजे गाडीवान नवा तुकडा तासून बसवी. वाकसाचे चार घाव, एवढाच तेव्हां सर्व्हिसिंगचा खर्च. पहिल्या मोटारींनीं हाच ब्रेक जसाच्या तसा उचलला. जर्मनींत कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें. परंतु ती गाडी लांबच्या प्रवासास उपयोगी पडेल असें लोकांना पटेना. तेव्हां १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बर्था हिनें नवऱ्याला न सांगतां आपल्या दोन मुलांसह नवी गाडी बाहेर काढली, आणि मानहाइमहून फोर्त्सहाइम येथें राहणाऱ्या आपल्या आईच्या घरीं, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर दूर, ती घेऊन गेली. वाटेंत इंधन संपलें, तें वीसलॉख गांवच्या औषधांच्या दुकानांत मिळालें. पण खरी अडचण आली ती उतारांवर. डोंगराळ मुलखांतले उतार उतरतां उतरतां ब्रेकचे लांकडी ठोकळे इतके झिजले कीं, गाडी आवरेना. तेव्हां वाटेंतल्या एका गांवीं बर्थानें जोडे शिवणाऱ्या कारागिराला गांठलें आणि त्या ठोकळ्यांवर कातड्याचे तुकडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकला लावलेलें पहिलें अस्तर म्हणून या कातड्याचा उल्लेख करतात. नव्या मोटारीचा ब्रेक इतक्या लवकर कसा झिजला, ही तक्रार आज निघालेली नाहीं. मोटारीच्या पहिल्याच लांब प्रवासांत ती निघाली, आणि तिचें पहिलें बिल एका जोडे शिवणाऱ्यानें केलें.

कातड्याची हीच युक्ति इंग्लंडांतहि चालू होती. डर्बीशायर परगण्यांतल्या चढउतारांच्या रस्त्यांवर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटांचें कातडें बांधीत, तें हर्बर्ट फ्रूड याच्या पाहण्यांत आलें, अशी हकीकत सांगतात. कातडें धरतें चांगलें, पण जळतें लवकर. याहून टिकाऊ अस्तर तयार करतां येईल काय, या विचारानें फ्रूडनें प्रयोग आरंभले, आणि १८९७ सालीं त्यानें या अस्तरांचा धंदा काढला. कापूस व केंस यांचे विणलेले पट्टे राळेसारख्या किंवा डांबरासारख्या पदार्थांत मुरवून तो तीं अस्तरें करी. आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटसुलट करून आणि त्यांत एकाची भर घालून त्यानें आपल्या मालाला जें ‘फेरोडो’ हें नांव दिलें, तें आजहि जगांतल्या गॅरेजांत ऐकूं येतें. फ्रूडच्या धंद्यामुळें एक मोठी गोष्ट घडली. झिजणारा भाग आतां गाडीवानाच्या हातचा राहिला नाहीं. तो मापानें, दामानें आणि नांवानें बाजारांत विकत घेण्याची वस्तु झाला. ब्रेकच्या सर्व्हिसिंगचा स्वतंत्र खर्च म्हणून जो आपण ओळखतों, त्याचा आरंभ येथें झाला.

१९०२ हें वर्ष या इतिहासांत विशेष महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं फ्रान्समध्यें लुई रनो यानें ड्रम ब्रेकची रचना पुढें आणली. चाकाबरोबर फिरणारा एक पोकळ डबा, आणि त्याच्या आंत दोन अर्धगोल ‘शू’. पेडल दाबलें कीं शू फांकतात आणि डब्याच्या आंतल्या बाजूवर घासतात. चिखल, पाणी, धूळ हीं बाहेरच राहतात, हा तिचा मोठा गुण. त्याच वर्षीं इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें डिस्क ब्रेकचें पेटंट घेतलें. त्याची कल्पना अगदीं निराळी होती. चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरावयाची. आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना हाच ब्रेक असतो. परंतु त्या काळीं तो चालला नाहीं. लँचेस्टरनें तबकडीला घासण्यासाठीं तांब्याचें अस्तर वापरलें होतें. धातूवर धातु घासून कर्कश आवाज होई, आणि त्या वेळच्या धुळीच्या रस्त्यांवर तें अस्तर भराभर झिजे. कल्पना शहाणपणाची असूनहि तिला साजेसें झिजणारें द्रव्य अद्याप सांपडलें नव्हतें. पुढचीं पन्नास वर्षें ड्रमनें राज्य केलें.

याच काळांत मोटार श्रीमंतांच्या दारांतून सामान्यांच्या दारांत आली. फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीच्या वर तयार झाली. तिचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हे, तर गिअरच्या पेटींत असे. तेथें तेलांत फिरणाऱ्या ड्रमांभोंवतीं कापसाचें अस्तर लावलेले लोखंडी पट्टे आवळले जात. एका पट्ट्याचा ब्रेक, दुसऱ्याचा मागें जाण्याचा गिअर, तिसऱ्याचा सावकाश जाण्याचा. कित्येक जुने चालक उतारावर ब्रेकचें पेडल थोडा वेळ आणि मागें जाण्याचें पेडल थोडा वेळ असें पाळीपाळीनें दाबीत, म्हणजे झीज दोन पट्ट्यांत वांटली जाई आणि अस्तर बदलण्याचा दिवस लांबणीवर पडे. पट्टे बदलणें हें त्या गाडीच्या मालकाचें नित्याचें काम होतें, आणि पुष्कळ शेतकरी तें घरींच करीत. ज्यांना तें जमत नसे, ते गांवच्या दुरुस्ती करणाराच्या हातीं सांपडत. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तांत हेन्री फोर्डनें याविषयीं तक्रार केली आहे. गाड्या थोड्या असतांना दुरुस्ती करणारा वाटेल तें मागे, आणि मोटारीच्या धंद्याला त्याच्यापासून मोठा धोका होता, असें त्याचें म्हणणें. म्हणून आपल्या विक्रेत्यांनीं सुट्या भागांचा सांठा ठेवावा, चांगलें दुरुस्तीघर चालवावें आणि वाजवी दाम घ्यावेत, असा त्यानें आग्रह धरला. गाडी स्वस्तांत विकावी आणि तिच्या मालकाला दुरुस्तींत नागवावें, यानें धंदा वाढत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. शंभर वर्षांनंतरहि सर्व्हिसिंगच्या बिलावरून होणाऱ्या वादाचें मूळ याच ठिकाणीं आहे.

आरंभींच्या बहुतेक गाड्यांना ब्रेक असे तो मागच्या चाकांपुरता. पण गाडी थांबूं लागली म्हणजे तिचा भार पुढें झुकतो आणि मागचीं चाकें हलकीं होतात. जीं चाकें जमीन घट्ट धरून असतात त्यांनाच ब्रेक नसावा, हें उलटें गणित होतें. १९२० च्या पुढच्या दहा वर्षांत चारहि चाकांना ब्रेक देण्याची प्रथा रूढ झाली. तेव्हांपासून एक नवी गोष्ट मालकांच्या अनुभवास येऊं लागली. पुढचे ब्रेक मागच्यांपेक्षां लवकर झिजतात. आजहि नव्या गाडीच्या पहिल्या मोठ्या सर्व्हिसिंगमध्यें पुढचे पॅड तेवढे बदलले जातात, यांत लबाडी नाहीं. भार पुढें झुकतो म्हणून झीजहि पुढें झुकते.

चार चाकांचे चार ब्रेक दांडे आणि तारा यांनीं ओढावयाचे, तर चौघांचा जोर सारखा राहणें कठीण. एकाचें अस्तर अधिक झिजलें कीं गाडी एका बाजूस ओढली जाई. म्हणून ते पुन:पुन्हां जुळवून घ्यावे लागत. हा त्रास द्रवाच्या दाबानें दूर केला. बंद भांड्यांतील द्रवावर दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा पास्कलचा नियम माल्कम लॉकहीड या अमेरिकन शोधकानें ब्रेकला लावला. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारहि चाकांवर असे ब्रेक होते, आणि १९२४ च्या क्रायस्लर गाडीनें ते मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आणले. फोर्डनें मात्र पेडलापासून चाकापर्यंत पोलादच बरें, असा हट्ट धरून १९३९ पर्यंत वाट पाहिली. जुळवणीचा खर्च अशा रीतीनें कमी झाला. पण त्याच्या जागीं दुसरा आला. पहिल्या ब्रेक-ऑइलांत एरंडेल व मद्यार्क यांचें मिश्रण असे. आजचें ब्रेक-ऑइल बहुधा हवेंतला ओलावा शोषून घेणारें असतें. पाणी मिसळलें म्हणजे तें कमी उष्णतेवर उकळतें, नळींत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल तळाशीं जाऊन टेकतें. म्हणून गाडी फारशी चालली नसली तरी दोनएक वर्षांनीं तें बदलण्यास सांगतात. गाडी नवी आहे, फिरलीहि नाहीं, मग तेल कां बदलावयाचें, या प्रश्नाला हें उत्तर आहे.

आतां या इतिहासांतला सर्वांत दु:खद भाग. फ्रूडच्या कापसाच्या अस्तराला उष्णतेची मर्यादा होती. गाड्या जड आणि वेगवान् होतांच तें जळूं लागलें. १९०८ च्या सुमारास त्यानें अ‍ॅस्बेस्टॉस वापरण्यास आरंभ केला. हें खनिज तंतुमय असतें, त्याचें सूत निघतें, कापड विणतां येतें, आणि तें जळत नाहीं. शिवाय स्वस्त. ब्रेकला जें जें पाहिजे तें सर्व त्यांत होतें, आणि पाऊणशें वर्षें जगांतल्या मोटारी त्याच्यावर थांबल्या. मालकांचें बिल उतरलें. परंतु तें दुसऱ्याच कोणाच्या तरी नांवावर चढत होतें.

१९२४ सालीं इंग्लंडांत रॉचडेल येथें नेली केर्शॉ नांवाची कामकरी स्त्री तेहतिसाव्या वर्षीं मरण पावली. ती अ‍ॅस्बेस्टॉसचें सूत कांतण्याच्या गिरणींत होती. असल्याच सुताचीं कापडें ब्रेकसाठींहि विणलीं जात. तिच्या फुफ्फुसांत त्या खनिजाचे कण सांपडले, आणि डॉक्टर विल्यम कुक यांनीं तिची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलांत छापली. पुढें सरकारी चौकशी झाली. मेरिवेदर आणि प्राइस यांच्या १९३० च्या अहवालांत ३६३ कामकऱ्यांची तपासणी नमूद आहे. त्यांपैकीं ९५ जणांच्या फुफ्फुसांत या रोगाचीं चिन्हें आढळलीं. १९३१ सालीं ब्रिटनमध्यें धूळ आवरण्याचे नियम झाले. पण त्यांचा रोख कारखान्यांवर होता. गल्लींतल्या गॅरेजांत ब्रेकचा ड्रम काढावा, आंतली काळी भुकटी हवेच्या झोतानें उडवावी, नवें अस्तर कानशीनें घासून बसवावें, आणि हें करतांना ती धूळ श्वासाबरोबर घ्यावी, असें मेकॅनिकांचें काम पुढें कित्येक दशकें चालत राहिलें. तिचे परिणाम वीस-तीस वर्षांनीं, कधीं त्याहूनहि उशिरां दिसतात. ब्रिटननें १९९९ सालीं अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली. अमेरिकेनें ब्रेकच्या सुट्या भागांसह त्याचा शेवटचा प्रचलित प्रकार वापरण्यास बंदी करणारा नियम केला तो २०२४ सालीं. फेरोडोचा धंदा १९९८ मध्यें ज्या अमेरिकन कंपनीनें विकत घेतला होता, तिला अ‍ॅस्बेस्टॉसच्या दाव्यांच्या ओझ्याखालीं २००१ सालीं दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. गाडीच्या मालकाला ब्रेक स्वस्त पडला होता, तो असा.

दरम्यान ब्रेकच्या रचनेंतहि क्रांति झाली. ड्रम हा बंद डबा; त्यांतील उष्णता लवकर बाहेर पडत नाहीं. ब्रेक सारखा लावला कीं ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर सरकतो, अस्तराची पकड सुटते, आणि पेडल कितीहि दाबलें तरी गाडी थांबेनाशी होते. शर्यतींच्या गाड्यांना हा अनुभव नित्याचा होता. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मॉं येथील चोवीस तासांच्या शर्यतींत जॅग्वार कंपनीनें डन्लॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या गाड्या उतरविल्या. इतर गाड्यांना वळणापूर्वीं बऱ्याच अगोदर ब्रेक लावावे लागत. या गाड्या वळणाच्या अगदीं जवळ जाऊन ते लावीत. टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनीं ती शर्यत जिंकली, आणि त्या शर्यतीच्या इतिहासांत प्रथमच ताशीं शंभर मैलांच्या वर सरासरी पडली. दोनच वर्षांनीं, १९५५ मध्यें, सित्रोएन कंपनीच्या ‘डी. एस.’ गाडीनें पुढच्या चाकांवरील डिस्क ब्रेक सामान्य ग्राहकांपर्यंत आणला. लँचेस्टरच्या उघड्या तबकडीला अर्ध्या शतकानंतर न्याय मिळाला.

सर्व्हिसिंगच्या दृष्टीनेंहि डिस्कनें मोठा फरक केला. ड्रममधील झीज झांकलेली असते. डिस्कच्या पॅडची जाडी चाकाच्या फटींतून डोळ्यांना दिसते. नवा पॅड साधारणपणें दहा-बारा मिलिमीटर जाड असतो, आणि तीनएक मिलिमीटर उरला म्हणजे बदलावा लागतो. कित्येक पॅडांना पत्र्याची एक लहानशी जीभ बसविलेली असते. पॅड संपत आला कीं ती तबकडीला घासून किंचाळते. हा आवाज म्हणजे बिघाड नव्हे, सूचना आहे. ती न ऐकतां गाडी चालवीत राहिलें तर पॅडच्या पाठीचें पोलाद तबकडीला खातें, आणि मग थोडक्यांत भागणारें काम कितीतरी पट महाग पडतें. पॅड मऊ ठेवून तबकडी वांचवावयाची, हा मूळचा व्यवहारच त्या वेळीं मोडलेला असतो.

महाराष्ट्रांतल्या माणसाला हें सर्व समजण्यास दूर जावयास नको. बोरघाट पुरे आहे. १८६३ सालीं घाटांतली रेल्वे सुरू झाली, तेव्हां तिला साडेपांचशें मीटरांहून अधिक उंची चढावी लागे. आणि उतरतांना सुटलेली गाडी आवरावी म्हणून मुख्य रुळांच्या बाजूला चढाचे आडरूळ ठेवावे लागले. थांबविणें हें ओढण्यापेक्षां अवघड, हें त्या अभियंत्यांना ठाऊक होतें. तितकीच उंची १,२०० किलोग्रॅमची मोटार केवळ ब्रेकवर उतरली, तर जी उष्णता निघते तिच्यावर सुमारें एकोणीस लिटर पाणी उकळेल. ताशीं ७२ किलोमीटरच्या वेगावरून सत्तावीस वेळां पुरतें थांबावें, इतकें तें काम आहे. सोळा टनांच्या मालट्रकेच्या बाबतींत पाण्याचा हा आंकडा अडीचशें लिटरांच्या वर जातो. म्हणूनच खालच्या गिअरमध्यें गाडी ठेवावी आणि एंजिनाला तिला आवरूं द्यावें, हा घाटांतला जुना नियम आहे. पेट्रोल किंवा डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडणारा मनुष्य पै-पैशाची काटकसर करून ब्रेकवर रुपये खर्च करतो, आणि ब्रेक तापून सुटले तर त्याचें बिल वळणापलीकडच्या अनोळखी माणसाच्या हातीं जातें.

अ‍ॅस्बेस्टॉस गेल्यावर त्याच्या जागीं अनेक द्रव्यें आलीं: पोलादाचे तंतु, कृत्रिम धागे, आणि तांबें. लँचेस्टरचें तांबें पुन्हां ब्रेकमध्यें आलें, या वेळीं भुकटीच्या रूपानें. पण झिजलेला पॅड जातो कोठें, हा प्रश्न होताच. तो धूळ होऊन रस्त्यावर पडतो, आणि पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यांत व नदींत जातो. तांबें जलचरांना घातक असतें. म्हणून अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें २०१० सालीं कायदा करून ब्रेकच्या अस्तरांतील तांब्याचें प्रमाण २०२१ पर्यंत शेंकडा ५ आणि २०२५ पर्यंत शेंकडा अर्धा यांच्या आंत आणण्याचें ठरविलें. युरोपीय संघानें २०२४ सालीं संमत केलेल्या ‘युरो ७’ नियमांत तर ब्रेकच्या धुळीवरच प्रथम मर्यादा घातली: बहुतेक मोटारींसाठीं दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम सूक्ष्म कण, आणि केवळ विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठीं ३ मिलिग्रॅम. आजवर धुराड्याच्या तोंडाशीं मोजलें जाणारें प्रदूषण आतां चाकाशींहि मोजलें जाऊं लागलें.

विजेच्या गाड्यांसाठीं मर्यादा अधिक कडक, याचें कारण त्यांची थांबण्याची रीति निराळी आहे. विजेचें मोटरयंत्र धांवत्या चाकांनीं फिरविलें असतां तें वीज निर्माण करतें आणि तसें करतांना चाकांना रोखतें. गाडीची ऊर्जा उष्णता होऊन वायां न जातां परत सांठविली जाते. अमेरिकेंतील मिल्वॉकी रोड या रेल्वेनें रॉकी पर्वतांतल्या उतारांवर १९१५ नंतर ही युक्ति योजिली होती. मोटारींत ती सर्रास आली ती १९९७ च्या डिसेंबरांत जपानमध्यें विक्रीस निघालेल्या टोयोटा कंपनीच्या ‘प्रियस’ गाडीनंतर. अशा गाड्यांचे पॅड साध्या गाड्यांच्या मानानें पुष्कळ अधिक काळ टिकतात. येथें वाचणाराला वाटेल कीं, झिजेचा इतिहास आतां संपला. पण तसें नाहीं. ब्रेकचा उपयोगच क्वचित् होऊं लागला म्हणजे बीडाच्या तबकडीवर गंज चढतो, पॅड आपल्या जागीं घट्ट बसतात, सरकणाऱ्या खुंट्या अडकतात. कोंकणांतल्या पावसाळ्यांत महिना-महिना उभ्या राहणाऱ्या कोणत्याहि गाडीची हीच अवस्था होते. पूर्वीं ब्रेक वापरानें झिजत. आतां कांहीं ठिकाणीं ते न वापरल्यानें खराब होतात, आणि घासूनपुसून, वंगण देऊन ते मोकळे करण्याचें बिल मालकाच्या हातीं येतेंच.

तात्पर्य, नव्या गाडीच्या मालकानें ब्रेकचें बिल पाहून चकित होण्याचें कारण नाहीं. तें तपासून घेण्याचें कारण मात्र आहे. पॅड किती मिलिमीटर उरला, तबकडीची कमींतकमी जाडी म्हणून जी तिच्यावर कोरलेली असते तिच्या ती वर आहे कीं खालीं, काढलेला जुना भाग पाहावयास मिळेल काय, एवढें विचारलें म्हणजे फसविणारा आणि प्रामाणिक यांतला भेद बहुधा उघड होतो. विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु वाजवी बिल टाळण्याची युक्ति शोधूं नये. बर्था बेंझनें जोडे शिवणाऱ्याला जे पैसे दिले ते तिनें स्वत:च्या पिशवींतून दिले, आणि हिशेब तेथल्या तेथें मिटला. पुढें जेव्हां जेव्हां हा हिशेब मालकाच्या पिशवींतून निसटला, तेव्हां तेव्हां तो गिरणींतल्या कामकरणीनें, गॅरेजांतल्या मेकॅनिकानें, नदींतल्या माशानें किंवा घाटांत समोरून येणाऱ्या वाटसरूनें चुकता केला आहे.